काईबी कर

आमच्या घरात 'काहीही' या शब्दाला बंदी आहे. शिव्या चालतात. माझे सासरे बाजारातल्या दलालांना रोज देतात आणि कोणाच्या कपाळावर आठी चढत नाही. पण जेवणाची गोष्ट निघाली असताना 'काहीही चालते' म्हणणाऱ्याला माझ्या सासूबाई काहीच वाढत नाहीत.

माझ्या नणंदेच्या लग्नानंतरच्या दिवाळीत आमचे नवे जावई पहिल्यांदा राहायला आले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना विचारलं, "रातच्याले काय करू?" त्यांनी चांगल्या घरचं वळण दाखवत सांगितलं, "काहीही चालते, आई." रात्री त्यांच्या ताटात मीठ, लिंबाची फोड आणि शेजारी पाण्याचा गिलास, एवढंच आलं. माझी नणंद आचल रडकुंडीला आली. सासूबाई तिला म्हणाल्या, "त्यायनं नावच नाई घेतलं त मी काय वाढू?" जावयांनी घाईघाईने आलू-वांग्याची भाजी मागितली, आणि मग ती झाकलेल्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, निघाली. हा किस्सा ऐकून लोक पोट धरून हसतात. मला हसू येत नाही. ही बंदी कशी लागली ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

मी पवनारची. सत्त्याण्णव साली लग्न होऊन समुद्रपूरला आले. माझे सासरे वासुदेवराव यांची कापसाची शेती आणि बसस्टँडच्या रस्त्यावर बी-खतांचं दुकान. माझा नवरा भूपेंद्र दुकानात बसायचा, आचल तेव्हा कॉलेजात होती. आणि स्वयंपाकघरात देवकाबाई, माझ्या सासूबाई. माहेर आर्वीकडचं रोहणा. उंच, हाडापेराने मजबूत, आणि रागीट. सासू रागीट आहे असं लग्नाआधीच माझ्या कानावर आलं होतं, पण ती कशावर रागावते हे सांगायची गरज कोणाला वाटली नव्हती. मला ते पहिल्याच आठवड्यात कळलं.

सकाळच्या जेवणाचा कधी प्रश्न नसायचा. वरण, भात, पोळी, शेतातून आलेली भाजी. दुकानाच्या घाईत ताटात काय आहे हे कोणी पाहतही नसे. खरा प्रश्न रात्रीचा. दुपारी सासरे वामकुक्षी आटोपून दुकानात निघाले की सासूबाई पदराला हात पुसत दारात यायच्या आणि विचारायच्या, "रातच्याले काय करू?"

सासरे चपलेत पाय घालता घालता म्हणायचे, "काईबी कर."

मग भूपेंद्र. "मले काय विचारते? काईबी कर." मग आचल. ती तर मान वर न करता म्हणायची, "काईबी."

आणि रात्री या तिघांची तोंडं बघायची. वांगं केलं तर "पुन्हा वांगे?" डाळ-कांदा केला तर "घरात भाजी नव्हती का?" कढी-गोळे केले तर आचलला भूक नसायची. शिवाय यांतलं काही चुलीवर चढण्याआधी कोणी नको म्हटलेलं नसायचं. नको म्हणायला ताट समोर यावं लागत होतं. मी नवी नवरी, मला बोलायची सोय नव्हती. पण रोज रात्री मला त्या तिघांची ताटं उचलून आंगणात फेकावीशी वाटायची.

लोकांना वाटेल की सासूबाईंना चार भाज्यांपलीकडे काही येत नसेल. साफ खोटं. त्यांच्याइतका नव्याचा नाद असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. शेजारच्या मारवाडणीकडून त्या गट्ट्यांची भाजी शिकल्या आणि तिला आमच्या बेसनाच्या पाटोड्या शिकवून आल्या. कापसाच्या जिनिंगवर आंध्रातल्या मजुरांची कुटुंबं होती, तिथल्या एका बाईची भाषा कळत नव्हती तरी तिच्या चुलीसमोर उकिडवं बसून चिंच आणि भेदऱ्यांचं सार कसं करतात ते बघून आल्या. भेदरं म्हणजे आमच्याकडचे टमाटे. टीव्हीवर दुपारी कोणी स्वयंपाक दाखवत असलं की हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या आणि मध्येच त्या बाईला दटावायच्या, "अवं, तेल त तापू दे."

हे सगळं त्या कशासाठी करत होत्या? रोज रात्री त्याच तीन माणसांसमोर तेच ताट जाऊ नये म्हणून. दुसरा काही हेतू नव्हता. आणि ती तीन माणसं काय करायची? नवी भाजी दिसली की सासरे बोटाच्या टोकाने ती उचलून उजेडात धरायचे. "हे काय होय?" मग अर्धी खाऊन म्हणायचे, "आपल्या घरी हे चालत नाई." दुसऱ्या दिवशी दुपारी चपलेत पाय घालताना पुन्हा तेच, काईबी कर.

सासूबाई काही सोसून गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. त्या भांडी आपटायच्या. पोळपाट आदळायच्या. वांगी चिरताना वांग्यांशी मोठ्याने भांडायच्या, म्हणजे ओसरीवर ऐकू जाईल अशा. पण एखाद्याच्या रागाची घराला सवय झाली की मग तो राग कोणी ऐकत नाही. भूपेंद्र रेडिओचा आवाज वाढवायचा.

सगळ्यांचं झालं की आम्ही दोघी बसायचो. माझ्या ताटात त्या ताजी भाकर वाढायच्या आणि स्वतः दुरडीतली कालची घ्यायच्या. ताकात कुस्करून, वरून ठेचा. मी घेऊ लागले तर हात धरायच्या. "तू गरम खा." लग्नानंतर लगेच भूपेंद्रने मला मोठ्या प्रेमाने सांगून ठेवलं होतं, "आईसाठी शिळी भाकर ठेवत जाजो, तिले थेच आवडते." मी ठेवत होते. अशी चार वर्षं गेली.

मग तो पोळा आला. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात सासूबाई हिंगणघाटला गेल्या होत्या. परतीच्या बसमध्ये पुढच्या बाकावर एका बाईने डबा उघडला. वास आला तशा या उठल्या आणि तिच्याशेजारी जाऊन बसल्या. डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलाचे कोवळे शेंडे, भिजवलेली मुगाची डाळ आणि वरून तिळाचा कूट. कूट कधी घालायचा, झाकण ठेवायचं की नाही, असं सगळं विचारता विचारता समुद्रपूर मागे गेलं. त्या उतरल्या नाहीत. गिरडपर्यंत गेल्या, भाजी पुरती समजून घेतली आणि दुसऱ्या बसने परत आल्या. घरी सगळे काळजीत होते, आणि या मात्र लग्नातून आल्यासारख्या खुशीत.

पोळ्याचं पुरणावरणाचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, आणि रिवाजाप्रमाणे उत्तर मिळालं. त्या स्वतः शेतात गेल्या, बांधावरच्या वेलाचे शेंडे खुडून आणले, एकेका देठाच्या शिरा सोलल्या. भाजी अशी झाली होती की मी गंजातच बोट घालून चाखली. खरं सांगते, तशी भाजी मी पुन्हा खाल्ली नाही.

सासऱ्यांनी एक घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं.

"तुले कोनं सांगतलं होतं हे करायले?"

चुलीपुढे बसलेल्या सासूबाईंनी मान वळवली. मला वाटलं आता गंज आपटतील. पण त्या अगदी हळू बोलल्या, आणि म्हणूनच भूपेंद्रने घास थांबवला.

"कोनंच नाई. मी या घरी आली तवापासून कोनंच नाई सांगतलं. थेच त बोंबलून राह्यली ना मी."

"अवं पण..."

"आता ऐका. उद्यापासून रातच्याले चून-भाकर. रोज. जो तोंडानं नाव घेऊन सांगन का मले हे पाह्यजे, त्याच्यासाठी दुसरं करीन. नाई सांगान तवरोक चून."

चून म्हणजे आमच्याकडचं पिठलं. गरिबाघरी, घाईच्या दिवशी, भाजी नसली की करायचं. पहिल्या रात्री तिघांनी हसत हसत खाल्लं. दुसऱ्या रात्रीही. आईचा राग आहे, उतरेल. तिसऱ्या रात्री सासरे स्टँडवरच्या हॉटेलातून आलुबोंडे खाऊन आले आणि पित्ताने तळमळले. आचल ताटावर बसून मुसमुसली. तरी एकाच्याही तोंडातून एका भाजीचं नाव निघेना.

मला आधी कळेना. काय जड होतं? 'उद्या भरीत कर' एवढं म्हणायचं. मग हळूहळू उमजलं, आणि उमजल्यावर जास्त चीड आली. सांगून करून घेतलं की मग तोंड वाकडं करायची सोय राहत नाही. आपणच मागितलेलं खावं लागतं, आणि चांगलं झालं तर चांगलं म्हणावं लागतं. या माणसांना जेवणापेक्षा ती सोय जास्त प्यारी होती. शिवाय सासऱ्यांच्या लेखी मागणं म्हणजे खाली येणं. या घरात त्यांनी बायकोजवळ कधी काही मागितलं नव्हतं. ते आपोआप समोर यायचं.

असंच एकदा भूपेंद्रने मला दुकानाच्या मागच्या दारी गाठलं. "सपना, तू तरी काहीतरी कर ना व रातच्याले. आईले कळू नको देऊ."

मी म्हटलं, "करते. काय करू सांग."

तो म्हणाला, "काईबी कर."

तेव्हा मी हसले. पण ते हसू असं होतं की तो दोन पावलं मागे सरकला.

पोळ्यामागे आठवड्याभरातच महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. आमच्याकडे हा सण दिवाळीहून मोठा. दोघी बहिणी येणार, मुखवटे घासायचे, लुगडी नेसवायची, आणि जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, कढी, वडे. मला धाकधूक होती की सासूबाई देवीपुढेही चून ठेवतात की काय. पण त्यांनी पहाटे न्हाऊन, ओलेत्याने कामाला हात घातला. देवीशी त्यांचं भांडण नव्हतं.

आणि त्या दिवशी मी माझ्या सासऱ्यांना बघत राहिले. हा माणूस, ज्याला रोज रात्री काय खायचं ते सांगता येत नव्हतं, तो ओसरीवर उभा राहून एकेक नाव घेत होता. "पडवळ आलं का? दोडका? चवळी? लक्ष्मीले कोहळं लागते, डांगर नाई चालत. आंबिलीत दही आंबट घेऊ नका. वड्यायले भोक पाडजा." घोसाळं राहिलं होतं, तर भूपेंद्रला मोटारसायकलवर हिंगणघाटला पिटाळलं. घोसाळ्याशिवाय सोळा होत नाहीत म्हणून. सासूबाई पुरण वाटत होत्या. त्यांनी मान वर करून एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा वाटायला लागल्या. त्यांच्या जबड्याचं हाड मला दिसलं.

संध्याकाळी आरती झाली, सवाष्णी जेवून गेल्या, मग घरची पंगत बसली. सासऱ्यांनी पोट भरून जेवून, ढेकर देऊन म्हटलं, "पाह्य, मनावर घेतलं का कसा सैपाक होते."

सासूबाई आंबिलीचं भांडं घेऊन वाढायला वाकल्या होत्या. त्या सरळ झाल्या.

"लक्ष्मी वर्षातून एकडाव येते. तिले काय पाह्यजे थे तुमाले सोळाच्या सोळा तोंडपाठ हाय. तुमाले सोताले काय पाह्यजे थे तुमाले सांगता येत नाई. बरं, जाऊ द्या. मी रोज या घरात हाय. मले काय आवडते, थे सांगा. एकानंबी बरोबर सांगतलं, त उद्यापासून मी पहिल्यासारखी करतो. चून बंद."

मला स्वतःला उत्तर माहीत नव्हतं. मनात चाचपडत होते, पुरण? वडे? त्यांना मी कधी काही आवडीने खाताना पाहिलं होतं का?

पण त्या तिघांची तोंडं एकदम खुलली. केवढा सोपा प्रश्न.

"शिळी भाकर," सासरे म्हणाले. "हे काय इचारनं झालं?"

"ताकात कुस्करून," भूपेंद्र म्हणाला.

"वरून ठेचा," आचल म्हणाली, आणि लाडाने हसली. "आईले दुसरं काई दिलं तरी आवडतच नाई."

सासरे तर अगदी मायेने बोलले. "अवं, तुह्यासाठी म्हणून त आमी मुद्दाम एखादी भाकर उरवतो. मी लेकरायले सांगून ठेवलं हाय."

आंबिलीचं भांडं सासूबाईंच्या हातात तसंच होतं. तिघंही खरं बोलत होते, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. कोणी टोमणा मारला नव्हता, कोणी थट्टा केली नव्हती. अन्न वाया जाऊ नये म्हणून या बाईने उरलेलं खाल्लं, आणि या लोकांनी त्याला तिची आवड ठरवली. वर तिच्यासाठी रोज उरवतात. आणि चार वर्षं ती भाकर दुरडीत जपून ठेवणारी कोण, तर मी.

"शिळं कोनाले आवडते वो?" सासूबाई म्हणाल्या. एवढंच. भांडं ठेवून त्या मागच्या दारी निघून गेल्या. आचलने ताटातली पुरणपोळी पुरी केली नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जन आटोपलं. दुपारी सासरे दारात चपला शोधत जरा जास्त वेळ घुटमळले, पण सासूबाई विचारायला आल्याच नाहीत. त्या शेतात गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा ओटीत अंबाडीची भाजी होती, लाल देठांची, कोवळी. निवडायला बसल्या तेव्हा आपणहून बोलू लागल्या.

"रोहण्याले माही माय भाकरी टाकायची न् मी जाळ सारायची. जाळावर बसली म्हणून पयली भाकर मले. तव्यावरून निघाली का सरळ हातात. वाफ जाच्या आधी. वरून अंबाडी न् लसनाचं तेल." त्या थांबल्या. "लग्न झालं तवापासून तव्यावरची भाकर नाई खाल्ली मी. टाकनारी मीच, खाईन कवा?"

दिवेलागणीला अंबाडी शिजली. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, वर लाल मिरची आणि लसणाचं चरचरीत तेल. त्यांनी पाट घेतला, चुलीसमोर मांडला आणि त्यावर स्वतः बसल्या. "सपना, भाकर टाक."

घरातला एकही पुरुष जेवला नव्हता. मी पीठ मळलं. पहिली भाकर फुगली तशी तव्यावरून उचलून त्यांच्या ताटात घातली. त्यांनी बोटं भाजत ती मोडली, वाफ तोंडावर घेतली आणि खाल्ली. डोळे मिटले नाहीत, काही नाही. फक्त खाल्ली, भरभर, भूक लागलेल्या माणसासारखी. दुसरीही खाल्ली. मग हात थांबवून मला विचारलं, "तुले काय आवडते व?"

मी परातीत पीठ ओढत म्हटलं, "मला काय, काहीही चालते आई."

त्यांनी ताटावरून मान वर केली. एवढ्या वर्षांत त्या माझ्यावर कधी रागावल्या नव्हत्या. "पुन्हा म्हन."

मी परातीतलं पीठ उगाच मळत राहिले.

"चार वर्सात शिकली का तूबी? अजून धा वर्सांनी तुही लेकरं दुरडी दाखवतीन. नाव घे."

मला खरंच पटकन आठवेना. पवनारला असताना आठवलं असतं. मी खूप शोधलं, आणि म्हटलं, "पाटोड्या. तरीवाल्या. झणझणीत."

"हं. उद्या."

तेवढ्यात दारात सासरे येऊन उभे राहिले. दुकानातून आले होते, लसणाच्या तेलाचा वास रस्त्यापर्यंत गेला असणार. पाटावर बसून आपल्याआधी जेवणारी बायको त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यांच्या मागे भूपेंद्र. दोघंही उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"आमाले?" सासऱ्यांनी विचारलं.

"चून झाकून हाय," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या तव्यावरची भाकर फुगली. सासऱ्यांनी घसा खाकरला, एकदा भूपेंद्रकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मले अंबाडी पाह्यजे," ते म्हणाले. "अंबाडीची भाजी. न् गरम भाकर."

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. हात धुतला, उठल्या, आणि माझ्या हातातून परात काढून घेतली. "बसा. तुमाले देतो. पन तुमच्या आधी एक जन हाय."

मग त्यांनी मला पाटावर बसवलं. तव्यावरची भाकर माझ्या ताटात घातली, अंबाडी वाढली, वरून तेल सोडलं. सासरे आणि माझा नवरा भिंतीला टेकून बसले आणि माझं होईपर्यंत थांबले. मी सावकाश जेवले.